अकाने यामागुचीची कारकीर्द ऑलिंपिकच्या मापाने मोजू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पॅरिसमध्ये ३१ ऑगस्ट २०२५ रोजी संपलेल्या जागतिक बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धेत सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवले. आपल्या दैनिकाने त्या बातमीला छायाचित्रासह मोठी जागा दिली, हे उचितच झाले. त्याच स्पर्धेत जपानच्या अकाने यामागुचीने महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात चीनच्या चेन युफेईला २१-९, २१-१३ असे सरळ दोन गेममध्ये हरवून तिसऱ्यांदा जगज्जेतेपद पटकावले. ही बातमी मात्र पानाच्या तळाशी चार-पाच ओळींत उरकलेली होती आणि तिचे शेवटचे वाक्य असे होते की, यामागुचीला ऑलिंपिक पदकाने अद्याप हुलकावणी दिली आहे. माझी तक्रार जागेबद्दल फारशी नाही, त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. जगज्जेती ठरलेल्या खेळाडूच्या विजयाची बातमी तिच्याकडे काय नाही हे सांगून संपवावी, असे आपल्या उपसंपादकांना का वाटले असेल याचा विचार करताना तिची संपूर्ण कारकीर्द पुन्हा डोळ्यांखालून घातली आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

यामागुचीचा जन्म ६ जून १९९७ चा. फुकुई प्रांतातील कात्सुयामा हे तिचे गाव. हिवाळ्यात भरपूर बर्फ पडणारे, डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी आणि त्यांच्या भव्य संग्रहालयासाठी जपानभर माहीत असलेले, पण बॅडमिंटनच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेले हे छोटे शहर. जपानमध्ये होतकरू खेळाडूंना बारा-पंधराव्या वर्षीच नामांकित क्रीडाशाळा हेरतात आणि मुले घर सोडून तेथील वसतिगृहात राहायला जातात. पुढे पुरुष एकेरीत जगज्जेता झालेला केंतो मोमोता कागावा प्रांतातून असाच लहान वयात फुकुशिमातील तोमिओका येथे गेला होता. यामागुचीने तसे केले नाही. शाळकरी वयातच राष्ट्रीय संघात निवड झालेली असूनही तिने गावातलेच कात्सुयामा हायस्कूल हे प्रांतिक सरकारी विद्यालय निवडले आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याच शाळेच्या संघातून ती खेळली. त्या काळात आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद तिने लागोपाठ तीन वर्षे जिंकले. म्हणजे एका बाजूला जगभरच्या सुपर सिरीज (त्या काळच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मालिकेतल्या) स्पर्धा आणि दुसऱ्या बाजूला वर्गमैत्रिणींबरोबरचा शाळेचा संघ, अशी तिची ती वर्षे गेली. मी शाळेतल्या मुलींना बॅडमिंटन शिकवते. सातवी-आठवीतल्या मुलीला कोणत्या शहरातल्या कोणत्या अकादमीत पाठवावे, शाळा बंद करून बाहेरून परीक्षा द्यायला लावावी का, असे प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांशी माझे बोलणे नेहमी होते. अशा प्रत्येक मुलीला घरीच ठेवावे असा यामागुचीच्या उदाहरणाचा अर्थ मी काढत नाही, कारण मोमोताची वाटही यशाचीच होती. पण दुसरी वाट आहे आणि त्या वाटेने गेलेली मुलगी तीनदा जगज्जेती झाली, एवढे तरी या पालकांच्या वाचनात यायला हवे.

तिच्यावर ऑलिंपिकचे माप नेमके केव्हा लादले गेले, हेही सांगता येते. ७ सप्टेंबर २०१३ रोजी ब्यूनोस आयर्समध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२० च्या स्पर्धांसाठी तोक्योची निवड जाहीर केली. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला, त्याच तोक्यो शहरात सोळा वर्षांच्या यामागुचीने जपान ओपन जिंकली. या स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली जपानी खेळाडू होती आणि सुपर सिरीज दर्जाची स्पर्धा जिंकणारी तोपर्यंतची सर्वांत लहान खेळाडूही तीच ठरली. त्या आठवड्यात तिने हरवलेल्यांमध्ये आपली पी. व्ही. सिंधूही होती आणि सिंधूने महिन्याभरापूर्वीच ग्वांगझूला जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक मिळवले होते. २०२० साली ही मुलगी २३ वर्षांची, म्हणजे ऐन भरात असणार, हा हिशेब मांडायला कोणालाही वेळ लागला नसेल. मग पुढची सात-आठ वर्षे तिच्या प्रत्येक जयपराजयाकडे तोक्योची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले गेले.

त्या वेळी जपानचे महिला बॅडमिंटन किती झपाट्याने वर येत होते, हे पुण्यातल्या क्रीडारसिकांना खरे तर उमजायला हवे. २००८ ची जागतिक कनिष्ठ गट स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली होती आणि मुलींच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालने जपानच्या सायाका सातोला हरवले होते. तो सामना मी प्रेक्षागारात बसून पाहिला. अर्थात टाळ्या सगळ्या सायनासाठी होत्या, माझ्याही. पण समोरची मुलगी दुसऱ्या गेममध्ये अठरा गुणांपर्यंत झुंजली, याची आठवण नंतर कोणी काढली नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१२ मध्ये, चिबा येथे याच स्पर्धेचा अंतिम सामना दोन जपानी मुलींमध्ये झाला. नोझोमी ओकुहारा जिंकली आणि पंधरा वर्षांची यामागुची उपविजेती ठरली. २०१३ मध्ये बँकॉकला पुन्हा दोन्ही बाजूंना जपानीच मुली होत्या आणि या वेळी यामागुचीने आया ओहोरीला हरवले. २०१४ मध्ये मलेशियातील अलोर सेतार येथे चीनच्या हे बिंगजियाओविरुद्ध पहिला गेम गमावूनही तिने विजेतेपद राखले. २००४ पासून दक्षिण कोरियाचे पार्क जू-बाँग यांच्याकडे सोपवलेले राष्ट्रीय प्रशिक्षण आणि २००८ मध्ये तोक्योत सुरू झालेले राष्ट्रीय क्रीडा प्रशिक्षण केंद्र यांचा या उभारीत मोठा वाटा होता. यामागुची त्याच पिढीची, पण तिची रोजची शाळा मात्र कात्सुयामातच राहिली.

शालेय शिक्षण संपवून एप्रिल २०१६ मध्ये ती कुमामोतो येथील सायशुनकान औषधनिर्माण कंपनीच्या संघात दाखल झाली. जपानमध्ये बहुतेक मोठे बॅडमिंटनपटू अशा कंपन्यांच्या नोकरीत असतात. पगार कंपनी देते, सरावाची सोय कंपनी करते आणि खेळाडू कंपनीसाठी देशांतर्गत लीगमध्ये खेळतात. त्यामुळे एखादे वर्ष वाईट गेले म्हणून उद्याच्या पोटापाण्याची चिंता त्यांना ग्रासत नाही. आपल्याकडे रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या आणि बँका यांनी क्रीडा कोट्यातून दिलेल्या नोकऱ्यांनी हेच काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर केले. ती कुमामोतोला गेली त्याच महिन्यात, १४ आणि १६ एप्रिलला, त्या प्रांतात विध्वंसक भूकंप झाले. अठरा वर्षांच्या मुलीची घराबाहेरची पहिली नोकरी अशी सुरू झाली, आणि चार महिन्यांनी रिओ ऑलिंपिक होते.

रिओच्या उपांत्यपूर्व फेरीत ओकुहाराविरुद्ध पहिला गेम २१-११ असा जिंकूनही पुढचे दोन गेम तिने १७-२१, १०-२१ असे गमावले आणि ओकुहाराने पुढे कांस्यपदक घेतले. २०२१ मध्ये तोक्योच्या उपांत्यपूर्व फेरीत तिला सिंधूने हरवले आणि सिंधूने कांस्यपदक मिळवले. २०२४ मध्ये पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या आन से-यंगविरुद्ध पुन्हा पहिला गेम जिंकून ती हरली आणि आनने सुवर्णपदक नेले. तीन ऑलिंपिक, तिन्ही वेळा एकाच टप्प्यावर पराभव आणि तिन्ही वेळा तिला हरवणारी खेळाडू पदक घेऊनच परतली. आपल्या बातमीतल्या त्या वाक्यामागे एवढेच आहे, हे तीन सामने.

यांपैकी तोक्योचा सामना आपल्या वाचकांनी पाहिलेला असणार, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. साथीमुळे वर्षभर पुढे ढकललेल्या त्या स्पर्धा प्रेक्षकांविना झाल्या. ज्या घरच्या मैदानाचा हिशेब २०१३ पासून मांडला जात होता, त्या मुसाशिनो फॉरेस्ट क्रीडासंकुलातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिला गेम सिंधूने २१-१३ असा सहज घेतला. दुसऱ्या गेममध्ये बऱ्याच मागे पडलेली यामागुची एकेक गुण मिळवत वर आली. सिंधूचे स्मॅश तिने जमिनीलगत झेप घेऊन परतवले आणि पुढच्याच क्षणी उभी राहून ती नेटजवळच्या ड्रॉपसाठी धावत होती. सिंधू गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यायला थांबावी अशा लांबलचक रॅली त्या गेममध्ये झाल्या. यामागुचीने २०-१८ अशी आघाडी घेतली, तिसरा गेम एका गुणावर आला, आणि तेथून सिंधूने सलग चार गुण घेऊन सामना २२-२० असा संपवला. त्या दिवशी आपण सगळे आनंदात होतो आणि आनंदाला कारणही तसेच होते. पण १५६ सेंटिमीटर उंचीची एक खेळाडू पावणेसहा फुटांहून उंच प्रतिस्पर्ध्याला कशी पळवत होती, हे त्या सामन्यात इतके स्वच्छ दिसले होते की, मी शिकवत असलेल्या मुलींना आजही तोच दुसरा गेम दाखवते. उंची कमी असल्याने तिचा पहिला आधार पायांचा. कोर्टच्या मध्यावर परत येण्याची घाई, खोल लंज, मागच्या कोपऱ्यातून उडी मारून अंगाला लागून मारलेला स्मॅश आणि एरवी हातून गेलेले शटल शेवटच्या क्षणी मनगटाने उचलणे. हरल्यावर तिने रॅकेट आपटली नाही की पंचांशी हुज्जत घातली नाही. जिंकल्यावरही ती फारसे काही करत नाही.

आता त्या पराभवानंतरचे पाहू. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने डेन्मार्क ओपन आणि फ्रेंच ओपन या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. डिसेंबरमध्ये स्पेनच्या वेल्वा येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने तोक्योची रौप्यपदक विजेती, तैवानची ताई त्झू-यिंग हिला २१-१४, २१-११ असे हरवले. त्या स्पर्धेत स्वतःच्याच गावी खेळण्याची संधी असलेली स्पेनची कॅरोलिना मारिन दुखापतीमुळे नव्हती, हे नोंदवले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये तिने ऑल इंग्लंड जिंकली. तेथील अंतिम सामन्यात समोर आन से-यंग होती. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तोक्योतच जागतिक स्पर्धा झाली, या वेळी प्रेक्षकांसह. अंतिम सामन्यात तिने तोक्योची सुवर्णपदक विजेती चेन युफेई हिला २१-१२, १०-२१, २१-१४ असे नमवून जगज्जेतेपद राखले. शहर तेच, वर्ष एकच उलटलेले, आणि समोर तीच ऑलिंपिक विजेती. त्यानंतर तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा चेन युफेईच समोर आली आणि पुन्हा हरली. या वेळी आन से-यंग उपांत्य फेरीतच चेनकडून पराभूत झाली होती, म्हणून यामागुचीचा मार्ग सोपा झाला असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर चारच आठवड्यांत मिळाले. सुवॉन येथे झालेल्या कोरिया ओपनच्या अंतिम सामन्यात, आनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, यामागुचीने तिला २१-१८, २१-१३ असे हरवले.

ऑलिंपिक हीच खरी कसोटी, असे मानणाऱ्यांनी या दोन स्पर्धांची रचनाही ध्यानात घ्यावी. ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या जास्तीत जास्त दोन खेळाडूंना एकेरीत प्रवेश मिळतो. जागतिक स्पर्धेत तो चौघींना मिळू शकतो. चीन, कोरिया, जपान, थायलंड या देशांतल्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या खेळाडू कोणालाही हरवू शकतात, हे या खेळाचे नियमित वाचन असलेल्यांना सांगायला नको. शिवाय ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये सांघिक पदकच नाही. त्यामुळे मे २०१८ मध्ये बँकॉकला जपानने तब्बल ३७ वर्षांनी उबेर चषक, म्हणजे महिलांचे सांघिक जगज्जेतेपद, जिंकला, त्या अंतिम लढतीत यामागुचीने पहिल्या एकेरीत थायलंडच्या रॅचनोक इंटेनॉनला तिच्याच देशात तिच्याच प्रेक्षकांसमोर हरवून दिलेली सुरुवात ऑलिंपिकच्या हिशेबात कोठेच बसत नाही. त्याच्या महिनाभर आधी ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली होती. तेथवर गेलेली ती पहिली जपानी महिला एकेरी खेळाडू. तेही या हिशेबात नाही.

तिची कारकीर्द सतत चढती राहिली असे मी म्हणत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आशियाई विजेतेपद, इंडोनेशिया ओपन, जपान ओपन अशी घोडदौड करून ती बासेलच्या जागतिक स्पर्धेत अग्रमानांकित म्हणून उतरली आणि आपल्या पहिल्याच सामन्यात सिंगापूरच्या यो जिया मिनकडून सरळ दोन गेममध्ये हरली. तो आठवडा आपल्याला सिंधूच्या सुवर्णपदकामुळे आठवतो आणि तसाच तो आठवला पाहिजे. पण त्यानंतर यामागुचीचे बरेच महिने चाचपडण्यात गेले. २०२३ मध्ये कोपनहेगनला उपांत्य फेरीत ती मारिनकडून हरली आणि त्याच उन्हाळ्यात जागतिक क्रमवारीतले पहिले स्थानही आन से-यंगकडे गेले. पॅरिस ऑलिंपिकमधल्या तिसऱ्या गेममध्ये तिला केवळ आठ गुण मिळाले. सत्तावीस वर्षे वय, इतकी वर्षे अशा धावपळीचा खेळ आणि समोर पाच वर्षांनी लहान असलेली आन. या क्षणी तिचे दिवस संपले असे अनेकांनी मनोमन ठरवले असेल. मलाही तेव्हा तिच्याबद्दल काळजी वाटली होती. पुढच्याच वर्षी तिने जे केले, ते वर लिहिलेच आहे.

महिला एकेरीत तीन वेळा जगज्जेतेपद तिच्याशिवाय फक्त मारिनकडे आहे. मारिनकडे रिओचे सुवर्णही आहे आणि त्यामुळे तिचे स्थान वेगळे आहे, हे मान्यच. पण सोळाव्या वर्षी पहिली मोठी स्पर्धा जिंकणे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी जगज्जेती होणे, यांमधला बारा वर्षांचा टप्पा पाय आणि श्वास यांवर चालणाऱ्या या खेळात किती अवघड आहे, हे कोर्टवर घाम गाळलेल्या कोणालाही कळेल. या बारा वर्षांत तिच्याबरोबरीच्या किती जणी गुडघ्याच्या, घोट्याच्या दुखापतींनी मागे पडल्या! ओकुहारा त्यांतलीच. स्वतः मारिनचे गुडघे तिला पुन्हा पुन्हा दगा देत राहिले आणि पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना तिला कोर्टवरच रडत सामना सोडावा लागला.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ एका जपानी खेळाडूपुरता नाही, म्हणून मी तो आपल्यापुढे मांडत आहे. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या एका आठवड्यात पदक मिळाले नाही, तर बाकीची सगळी वर्षे तळटीप ठरवायची सवय वाचकांना वर्तमानपत्रांनी लावली आहे. चिराग आणि सात्विक पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत हरले, त्यानंतर आपल्या पानांवर त्यांच्याबद्दल ज्या सुरात लिहिले गेले तो मला आठवतो. वर्षभराने त्याच शहरात त्यांनी जागतिक स्पर्धेत पदक मिळवले. सराव संपवून घरी जाणाऱ्या मुली वर्तमानपत्र वाचतात आणि कशाला यश म्हणायचे हे त्यातूनही शिकतात. यामागुचीबद्दल लिहिताना वापरलेले माप उद्या त्यांनाही लावले जाणार आहे.

ऑगस्ट २०२६ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नवी दिल्लीत होणार आहे. २००९ च्या हैदराबादनंतर ती प्रथमच भारतात येत आहे. यामागुची तेथे खेळली, तर ती गतविजेती म्हणून उतरेल. माझी विनंती आहे की, आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी भारतीय खेळाडूंच्या सामन्यांबरोबरच तिचा निदान एक सामना कोर्टच्या कडेला बसून पाहावा, ती सराव कसा करते, दोन गुणांच्या मधल्या वेळात काय करते, तिचे प्रशिक्षक तिच्याशी किती आणि केव्हा बोलतात हे टिपावे आणि त्यावर सविस्तर लिहावे. ती पहिल्या फेरीत हरली तरीही लिहावे. त्या लेखात तिची तीन जगज्जेतेपदे आधी येऊ द्यावीत आणि कात्सुयामाच्या सरकारी शाळेलाही एखादा परिच्छेद द्यावा. आमच्या मुलींना तो वर्गात वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली नियमित वाचक,
एक क्रीडाशिक्षिका, पुणे